कुत्र्याच्या सोबतीने नव्या शहरात माणसे कशी जोडावीत

नोकरीसाठी लातूर, जळगाव किंवा रत्नागिरीहून पुण्या-मुंबईत आलेल्या माणसाला भाड्याचे घर मिळते, कार्यालयात सहकारी मिळतात. पण रविवारी संध्याकाळी न कळवता ज्याच्याकडे जाता येईल असे एखादे घर मिळायला बरीच वर्षे जातात. वाड्यात आणि चाळीत दारे उघडी असत, नळ सामाईक असे, त्यामुळे ओळख मुद्दाम करून घ्यावी लागत नसे. आजच्या बहुमजली इमारतीत लिफ्टमधून थेट पार्किंगमध्ये उतरणाऱ्या माणसाची शेजाऱ्याशी गाठच पडत नाही. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेले आई-वडील, लग्नानंतर गाव सुटलेली आणि घरूनच काम करणारी स्त्री, यांची अडचणही हीच आहे. अशा घरात कुत्रा आला की दिवसातून किमान दोनदा खाली उतरावेच लागते, आणि एवढ्या एका सक्तीने पुष्कळ काही बदलू शकते.

कुत्र्यामुळे अनोळखी माणसे बोलू लागतात, याला श्वानप्रेमींच्या अनुभवापलीकडचा आधारही आहे. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, सोबत कुत्रा असला म्हणजे त्याच माणसाशी येता-जाता बोलणाऱ्यांची संख्या ठळकपणे वाढते. कुत्र्याला लोकांचे लक्ष वेधून न घेण्याचे शिक्षण दिलेले असतानाही ती वाढली, आणि माणसाचा पोशाख नीटनेटका असो वा गबाळा, परिणाम टिकून राहिला. पुढे २०१५ मध्ये लिसा वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि अमेरिकेतील सॅन दिएगो, पोर्टलंड व नॅशव्हिल येथील रहिवाशांची पाहणी मांडली. प्राणी पाळणाऱ्यांची आपल्या वस्तीतील माणसांशी ओळख होण्याची शक्यता तिच्यात अधिक आढळली. शिवाय त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के लोकांनी, प्राण्यामुळे भेटलेल्या माणसांकडून आपल्याला काही ना काही आधार मिळाल्याचे सांगितले. या आकड्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे, कारण उरलेल्या लोकांना तसा आधार मिळालेला नव्हता. कुत्रा ओळख घडवून आणतो, आणि त्या ओळखीची मैत्री करण्याचे काम माणसाकडे उरते. ते कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे.

घरी आणण्यापूर्वी

केवळ एकटेपणा जावा म्हणून कुत्रा आणू नये. तो साधारणतः १० ते १४ वर्षे जगतो, आजारी पडतो, म्हातारा होतो, आणि तुमच्या ओळखी झाल्या म्हणून त्याची गरज कमी होत नाही. त्यामुळे कुत्रा न पाळता हा अनुभव आधी घेऊन पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. शेजारच्या काकांचे गुडघे दुखत असतील, तर त्यांच्या कुत्र्याला संध्याकाळी फिरवून आणण्याची तयारी दाखवावी. भटक्या आणि जखमी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जावे. मुंबईत १९८५ पासून काम करणारी ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ किंवा पुण्यातील ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’ यांसारख्या संस्थांना माणसांची गरज असतेच. घाबरलेल्या कुत्र्याला दोघांनी मिळून धरून त्याला औषध पाजताना जी ओळख होते, ती चहाच्या टपरीवरच्या ओळखीपेक्षा लवकर मुरते. काही जणांना तेवढ्यानेच हवी ती सोबत मिळते आणि घरी कुत्रा आणण्याची आवश्यकता उरत नाही.

तरीही कुत्रा हवाच असे ठरले, तर भाड्याच्या घरात राहणाऱ्याने मालकाची परवानगी लेखी घ्यावी. महापालिकेचा परवाना काढावा, रेबीजची लस वेळेवर द्यावी आणि लसीची नोंद असलेले पुस्तक हाताशी ठेवावे. ही कागदपत्रे मैत्रीच्या विषयाशी असंबद्ध वाटतील, पण शेजाऱ्याने शंका काढली असता शांतपणे पुस्तक पुढे करता येणे, हा चांगल्या शेजाराचा पाया आहे.

कोणता कुत्रा आणावा, या प्रश्नाचे उत्तर जातीपेक्षा स्वभावात शोधावे. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे डेबोरा वेल्स यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू किंवा मोठा लॅब्रॅडॉर सोबत असताना वाटसरू थांबून बोलत, रॉटवायलर असताना मात्र बरेच लोक काहीही प्रतिसाद न देता पुढे जात. यात रॉटवायलरचा दोष नाही. लोकांच्या मनातील भीतीचा तो परिणाम आहे, आणि असा कुत्रा पाळणाऱ्याने ओळखींसाठी अधिक वेळ व अधिक संयम हाताशी ठेवावा. आपल्या हवेत उत्तम राहणारा, तुलनेने काटक असलेला गावठी कुत्रा हा माझ्या मते पहिला पर्याय असावा. संस्थेतून मोठा झालेला कुत्रा दत्तक घेतला, तर तो माणसांत मिसळणारा आहे की बुजरा, हे आधीच पाहून घेता येते. मराठवाड्यातील कारवानी देखणा असतो, परंतु तो शिकारीचा, धावणारा कुत्रा आहे. दोन खोल्यांच्या घरात आणि वीस मिनिटांच्या फेरीत त्याचे समाधान होणार नाही. दाट केसांच्या हस्कीला विदर्भाच्या उन्हाळ्यात आणणे तर मुळीच योग्य नाही.

पिल्लू आणल्यास त्याच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो, कारण या काळात भेटलेली माणसे, ऐकलेले आवाज आणि पाहिलेली वाहने त्याला आयुष्यभर ओळखीची वाटतात. अडचण अशी की, लसींचे सगळे डोस पूर्ण व्हायला सुमारे १६ आठवडे लागतात आणि तोवर पार्वोसारख्या जीवघेण्या रोगाच्या भीतीने त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. पिल्लाला कडेवर घेऊन रोज खाली उतरावे, जमिनीवर ठेवू नये, आणि दुधवाला, वॉचमन, इस्त्रीवाले, शाळेतून येणारी मुले, काठी टेकत येणारे आजोबा अशा वेगवेगळ्या माणसांना दुरून, मग जवळून दाखवावे. पिल्लू या काळात माणसांना सरावते, आणि इमारतीतील निम्मी माणसे तुम्हाला चेहऱ्याने ओळखू लागतात.

वेळ आणि वाट

मैत्रीला सर्वांत जास्त काय लागत असेल तर ते वेळ. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खरी मैत्री व्हायला सुमारे ९०, आणि जिवलग म्हणावे असे नाते जुळायला २०० हून अधिक. रोज २० मिनिटे एकाच माणसाबरोबर चालले तर ५० तास भरायला पाच महिने लागतात. नव्या शहरात एखाद्या प्रौढ माणसाला दुसऱ्यासाठी इतका वेळ सहजासहजी काढता येत नाही. कुत्र्याची फेरी मात्र चुकवता येत नसल्यामुळे हे तास नकळत साठत जातात. तेव्हा पहिला नियम हा की, फेरीची वेळ आणि वाट शक्यतो बदलू नये. आज सहाला, उद्या आठला, परवा दुसऱ्याच गल्लीतून, असे केल्यास दररोज नवे चेहरे दिसतील आणि एकही ओळखीचा होणार नाही.

वेळ ठरवताना हवामानाची मदत होते. मार्चपासून दुपारी डांबर इतके तापते की कुत्र्याचे तळवे भाजतात. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही, तर कुत्र्याला तेथे चालवू नये. त्यामुळे उन्हाळ्यात बहुतेक जण सकाळी सहा-सातच्या सुमारास आणि सूर्यास्तानंतर बाहेर पडतात आणि सगळ्यांची गाठ पडणे सोपे होते. पावसाळ्यात उलट होते, फेरी लहान होते. पण इमारतीच्या पार्किंगमध्ये पाऊस थांबण्याची वाट पाहत उभे राहिलेल्या दोन माणसांचे बोलणे मात्र लांबते. त्या दिवसांत घाईने घरी परतू नये.

वाट अशी निवडावी की जिच्यावर माणसे थांबतात. पुण्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी आणि तळजाई येथे सकाळी नेमाने येणाऱ्यांची गर्दी असते आणि त्यात कुत्र्यांना घेऊन येणारेही असतात. मात्र तेथे मोर आणि इतर वन्य पक्षी आहेत, म्हणून पट्टा सोडू नये. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा तर बसून बोलण्यासाठीच आहे. महापालिकेच्या अनेक उद्यानांत कुत्र्यांना प्रवेश नसतो, तेव्हा दारावरचा फलक आधी वाचावा. वॉचमनशी वाद घालून झालेली पहिली ओळख कोणाच्याच कामाची नसते.

चालताना मोबाइल खिशात आणि कान मोकळे ठेवावेत. कानात इअरफोन घातलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही, मग त्याचा कुत्रा कितीही गोड असो. एकट्या स्त्रीने ठरावीक वेळ पाळताना वर्दळीची, दिव्यांची वाट घ्यावी, आणि नव्या माणसाला आपला घर क्रमांक, घरी कोण कधी असते, तसेच कुत्र्याची किंमत सांगू नये. जातिवंत कुत्रे चोरीला जातात, म्हणून ही शेवटची काळजी पुरुषांनीही घ्यावी.

पहिले बोलणे

आपल्याकडे कुत्रा पाहून जे तीन प्रश्न हमखास विचारले जातात ते असे: “किती महिन्यांचा आहे?”, “मेल आहे की फीमेल?” आणि “चावतो का हो?” यांना एका शब्दात उत्तर देऊन पुढे जाणे ही सर्वांत मोठी दवडलेली संधी असते. “सात महिन्यांचा” एवढेच न म्हणता, “सात महिन्यांचा आहे, अजून चपला कुरतडतो, तुमच्याकडे कधी होता का?” असे म्हटले की समोरच्याला स्वतःविषयी सांगायला जागा मिळते. गावाकडच्या घरातील कुत्र्याची आठवण जवळजवळ प्रत्येकाकडे असते, आणि ती सांगताना माणूस आपले गाव, आपले आई-वडील, आपले लहानपण सांगून जातो. ते ऐकून घ्यावे आणि लक्षात ठेवावे. पुढच्या भेटीत “तुमच्या सांगोल्याच्या घरचा तो राजा किती वर्षे जगला?” असे विचारणारा माणूस कोणालाही आवडतो.

आपली माणसे अनोळखी व्यक्तीशी थेट बोलायला संकोचतात, पण तिच्या कुत्र्याशी मोकळेपणाने बोलतात. “काय रे, आज उशीर केलास?” हा प्रश्न कुत्र्याला विचारलेला असला तरी त्याचे उत्तर मालकाने द्यायचे असते. अशा वेळी नुसते हसून पुढे जाऊ नये. “आज मला ऑफिसचे काम होते, म्हणून बिचाऱ्याला थांबावे लागले” असे सांगितले की संभाषण सुरू झाले. लाजऱ्या, अबोल माणसाला याचा फार उपयोग होतो, कारण नजर कुत्र्याकडे ठेवून बोलता येते आणि शांततेचा ताण येत नाही.

समोरचाही कुत्रा घेऊन आला असेल, तर आधी दुरूनच “भेटू देऊ का?” असे विचारावे. दोन्ही पट्टे सैल ठेवावेत, कारण ताणलेल्या पट्ट्याने कुत्रा अधिक बिथरतो. समोरासमोर तोंडाला तोंड लावून भेटवू नये. थोडे वळण घेऊन, बाजूने जवळ जावे, तीन-चार सेकंद हुंगू द्यावे आणि हाक मारून बाजूला घ्यावे. अंग ताठ होणे, शेपटी उंच आणि ताठ राहणे, डोळे रोखून पाहणे ही भांडणाची पूर्वसूचना असते. सारखे ओठ चाटणे किंवा वारंवार जांभई देणे हे अस्वस्थतेचे लक्षण असते. असे दिसल्यास “आज नको, उद्या पाहू” म्हणून पुढे व्हावे. माजावर आलेल्या कुत्रीला ते दोन-तीन आठवडे घोळक्यात आणू नये. निर्बीजीकरण केले तर हा प्रश्न कायमचा मिटतो. दोन कुत्र्यांचे जमले नाही तरी त्यांच्या माणसांचे जमू शकते, हे विसरू नये. दोघांत दहा पावलांचे अंतर ठेवून समांतर चालत गेल्यास बहुतेक कुत्रे काही दिवसांत एकमेकांना सरावतात, आणि तोवर माणसांचे बोलणे चालूच राहते.

दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय काही खाऊ घालू नये. बिस्किट पुढे करणे हा आपल्याकडील प्रेमाचा प्रकार आहे, पण चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्याला विषारी ठरतात, आणि काही कुत्र्यांना पथ्य असते.

‘ब्रूनोची आई’ ते नाव

कुत्र्यांच्या कट्ट्यावर एक विचित्र गोष्ट घडते. महिनोन्महिने रोज भेटणारी माणसे एकमेकांच्या कुत्र्यांची नावे, वये, आजार आणि खोड्या जाणतात, परंतु परस्परांना ‘ब्रूनोची आई’, ‘सिंबाचे बाबा’ याच नावांनी ओळखतात. मोबाइलमध्येही क्रमांक त्याच नावाने साठवलेला असतो. यात आपुलकी आहे, पण ओळख येथेच थांबण्याचा धोकाही आहे. म्हणून तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत, उशीर न करता, आपले नाव सांगून त्यांचे विचारावे: “मी इतके दिवस तुम्हाला कोकोचे बाबाच म्हणतो आहे, माझे नाव अमुक, तुमचे?” जसजसे दिवस जातात तसतसे हे विचारणे अवघड होत जाते. वयाने मोठ्या व्यक्तीला काका, काकू, आजी म्हणावे, पण त्यांचेही आडनाव आणि गाव माहीत करून घ्यावे.

त्यानंतर बोलण्याचा विषय हळूहळू कुत्र्यापासून दूर न्यावा. जवळ चांगला डॉक्टर कोण, या प्रश्नावरून भाजी कुठे चांगली मिळते, मुलाची शाळा कोणती, नोकरी कशी चालली आहे, इथपर्यंत सहज येता येते. सगळ्यांशीच हे जमेल असे नाही आणि जमवायचा प्रयत्नही करू नये. दहा-बारा जणांच्या घोळक्यातून दोन-तीन माणसे मनाजोगती निघाली तर ते पुष्कळ झाले. बाकीच्यांशी नमस्कार आणि कुत्र्याची चौकशी एवढे नातेही नव्या शहरात आधाराचे असते.

फेरीपासून घरापर्यंत

ओळख आणि मैत्री यांच्यामधील उंबरठा मदत मागताना ओलांडला जातो, असे माझे ठाम मत आहे. मदत करायला आपण तयार असतो, मागायला मात्र संकोचतो. आणि मदत न मागणाऱ्या माणसाच्या घरी दुसऱ्यालाही जाता येत नाही. सुरुवात लहान गोष्टीने करावी: “मला गुरुवारी यायला रात्र होईल, सातला याला खाली फिरवून आणाल का?” एकदा हे झाले की परतफेडीची संधी तुम्हाला मिळते, आणि मग देवाणघेवाण सुरू होते.

गणपतीच्या दिवसांत याची खरी परीक्षा असते. कोकणात घरच्या गणपतीला जाणाऱ्या कुटुंबाला कुत्रा बरोबर नेणे नेहमी शक्य नसते, आणि शहरात राहिलेल्या मित्राकडे तो ठेवता आला तर दोन्ही घरांचे नाते पुढच्या पातळीवर जाते. ज्याच्याकडे ठेवायचे त्याच्या घरी आधी एक-दोनदा कुत्र्याला नेऊन आणावे. त्याचे अंथरूण, नेहमीचे खाणे, औषधे आणि डॉक्टरांचा क्रमांक, तसेच तो कशाला घाबरतो, कोणत्या हाकेला येतो, हे सारे कागदावर लिहून द्यावे. परत येताना खाजा किंवा आंबोळीचे पीठ आणायला विसरू नये. जे गाव सोडून जात नाहीत त्यांच्यापुढे ढोल-ताशांचा आणि पुढे दिवाळीत फटाक्यांचा प्रश्न असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घाबरलेला कुत्रा दार उघडे मिळताच पळतो आणि वाट चुकतो. त्या संध्याकाळी दोन-तीन घरांनी ठरवून आळीपाळीने पूजा उरकावी, आणि ज्यांचे घर आतल्या बाजूला, कमी आवाजाचे आहे तेथे खिडक्या बंद करून सगळ्या कुत्र्यांच्या सोबतीला कोणीतरी बसावे. गळपट्ट्याला फोन क्रमांकाची पट्टी असावी, हे सांगायला नकोच. आणि कुत्रा हरवलाच, तर त्या वेळी कट्ट्यावरची माणसे विजेऱ्या घेऊन बाहेर पडतात. हरवलेला कुत्रा शोधायला एकत्र फिरलेली माणसे पुन्हा एकमेकांना परकी राहत नाहीत.

आजारपण हा दुसरा प्रसंग. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडांमुळे होणारा ताप आपल्या भागात सर्रास आढळतो. कुत्रा अचानक खाणे सोडतो, हिरड्या पांढुरक्या दिसू लागतात, आणि काही वेळा त्याला दुसऱ्या कुत्र्याचे रक्त द्यावे लागते. रक्त देणारा कुत्रा साधारणतः २५ किलोंहून अधिक वजनाचा, तरुण, निरोगी आणि लसीकरण झालेला असावा लागतो. कुत्र्यांच्या रक्तपेढ्या मोजक्याच असल्याने असा दाता अनेकदा ओळखीपाळखीतूनच शोधावा लागतो. आपला कुत्रा या अटींत बसत असेल, तर डॉक्टरांना विचारून ठेवून कट्ट्यावरच्या सर्वांना तसे आधीच सांगून ठेवावे. पशुवैद्याच्या दवाखान्यातील बाकावरही याच कारणाने खरी माणसे भेटतात. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासून उभे आहे, तेथे किंवा तुमच्या गल्लीतील लहानशा दवाखान्यात, शेजारच्या बाकावर मांडीवर आजारी कुत्रा घेऊन बसलेल्या माणसाची नुसती विचारपूस करावी आणि दोन दिवसांनी फोन करून “आता कसा आहे?” एवढे विचारावे. हा दुसरा फोन बहुतेक लोक करत नाहीत, आणि म्हणूनच तो करणारा लक्षात राहतो.

ज्यांना कुत्रा नको आहे

कुत्र्यामुळे मित्र मिळतात तसे शत्रूही मिळू शकतात, आणि सोसायटीत एका शत्रूचा त्रास दहा मित्रांच्या आनंदावर पाणी फिरवतो. काहींना लहानपणी कुत्रा चावलेला असतो, काहींच्या घरी धार्मिक कारणाने कुत्र्याचा स्पर्श टाळतात, काहींना नुसतीच भीती वाटते. “काही करत नाही हो तो” हे वाक्य त्यांना ऐकवू नये. भीती वाटणाऱ्याला ते अपमानास्पद वाटते. त्याऐवजी पट्टा आखडून बाजूला उभे राहावे आणि लिफ्टपाशी “आजी, तुम्ही आधी जा, आम्ही पुढच्या खेपेला येतो” असे म्हणावे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यास बंदी घालता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे शुल्क आकारता येत नाही. हा अधिकार माहीत असावा, पण रोजच्या व्यवहारात तो बोलून दाखवण्याची वेळ येऊ देऊ नये. कुत्र्याची विष्ठा कागदात किंवा पिशवीत उचलून कचऱ्यात टाकणे, पहाटे आणि दुपारी त्याचे भुंकणे आटोक्यात ठेवणे, आणि आपण घरी नसताना तो रडतो का, हे वरच्या-खालच्या घरी जाऊन स्वतः विचारणे, एवढ्याने बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. तुमची विचारपूस पाहून, आरंभी नाराज असलेली काकूच पुढे कुत्र्यासाठी भाकरीचा तुकडा राखून ठेवू लागते, असे मी अनेक इमारतींत पाहिले आहे.

वॉचमन, सफाई कामगार आणि रात्रपाळीचे रिक्षावाले यांच्याशी होणारी ओळख दुय्यम समजू नये. वस्तीची सर्वाधिक माहिती त्यांनाच असते, त्यांतील अनेक जण स्वतः गाव सोडून आलेले असतात, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांवर त्यांचाच जीव असतो. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांचाही प्रत्येक भागात एक गट असतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी सोसायटीवर किंवा रहिवासी संघटनेवर आहे, आणि या जागेवरूनच पुष्कळ ठिकाणी वाद चालू असतो. नव्याने राहायला आलेल्याने पहिल्याच महिन्यात कोणाची बाजू घेऊन भांडू नये. दोन्हीकडचे म्हणणे ऐकावे, निर्बीजीकरण आणि लसीकरणाच्या कामात हातभार लावावा. या कामाला दोन्ही बाजूंचा सहसा विरोध नसतो.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांसाठी वाट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत अनेक शहरांत कुत्र्यांना मोकळे सोडण्याची कुंपणाची मैदाने असतात. तेथे कुत्र्यांचा खेळ चालू असताना माणसे नुसतीच उभी असतात, आणि हवा किंवा कुत्र्याचे वय यांवरून सुरू झालेले बोलणे वाढवणे सोपे जाते. तेथे मराठी मंडळाबाहेरची पहिली ओळख अशाच मैदानात होऊ शकते. मात्र आत जाताच पट्टा सोडावा लागतो, म्हणून हाक मारल्यावर कुत्रा परत येतो याची आधी खात्री करावी.

कुत्रा म्हातारा झाला की त्याची फेरी आखडते आणि घोळक्याबरोबर चालणे जमत नाही. तेव्हा मित्रांना घरी बोलवावे, किंवा त्याला हळूहळू कट्ट्यापर्यंत नेऊन तेथेच बसावे. तो गेल्यावर अनेक जण खाली उतरणे थांबवतात, कारण कुत्र्याशिवाय तेथे जाण्याचा आपल्याला हक्क नाही असे त्यांना वाटते. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना कट्ट्यावरच्या इतरांनी स्वतः फोन करून बोलवावे, आपल्या कुत्र्याचा पट्टा थोडा वेळ त्यांच्या हाती द्यावा, आणि नवा कुत्रा कधी आणणार हे मात्र विचारू नये. तसेच इमारतीत नव्याने आलेला एखादा माणूस पहिल्यांदाच पिल्लाला घेऊन कोपऱ्यात उभा दिसला, तर त्याने येऊन बोलण्याची वाट पाहू नये. जवळचा डॉक्टर कोण, कोणत्या गल्लीत भटके कुत्रे अंगावर येतात आणि सगळे जण सकाळी किती वाजता निघतात, हे त्याला त्याच दिवशी सांगून टाकावे.